हाराचा फोटो

“पाल हाय बग आत कुठंतरी,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी टेबलावर बोटानं तीनदा टकटक केलं. “कृष्ण, कृष्ण, कृष्ण.”

मी भिंतीवरचं कॅलेंडर उचलून मागं बघितल्यासारखं केलं. ट्यूबलाइटच्या पट्टीमागून झाडू फिरवला.

“गेली वाटतं,” मी म्हणालो.

पाल नव्हतीच. तो आवाज माझ्या पायाशी, टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यातून येत होता. तो कसला आहे हे मला तीन आठवड्यांपासून ठाऊक होतं. आणि मी शहाणा माणूस भर दुपारी झाडू घेऊन पाल हाकलत होतो.

ही दोन हजार नऊ सालची गोष्ट. जतच्या बाजारपेठेत माळवदे अण्णांचा ‘दीपछाया’ फोटो स्टुडिओ होता आणि मी तिथं ऑपरेटर होतो. लग्नाचे फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे, नवरीचा रंग उजळायचा, अल्बमची पानं जुळवायची, हे माझं काम. आणखी एक काम होतं. ते बोर्डावर लिहिलेलं नव्हतं, पण बारा महिने चालायचं. हाराचे फोटो. तालुक्यात कोणी गेलं की तेराव्याच्या आत घरची माणसं आमच्याकडं यायची. गेलेल्या माणसाचा धड एकट्याचा फोटो क्वचितच असायचा. मग कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून घ्यायचा, मोठा करायचा, आजोबांना कोट आणि आजीला भरजरी पदर चढवायचा, मागं निळं आभाळ टाकायचं. भिंतीवर टांगून हार घातला की माणूस होता त्यापेक्षा दोन बोटं रुबाबदार दिसायचा.

अण्णा या कामात फार कडक होते. कोट, साड्या, खांदे, सगळं विकतच्या सीडीतलं वापरायचं. “जित्या माणसाचा एक केस बी हाराखाली जाता कामा न्हाई,” असं ते बजावायचे. एकदा घाईत मी एका म्हाताऱ्याला माझाच शर्ट चढवला होता, तर त्यांनी फ्रेम उघडून प्रिंट फाडायला लावली होती.

डिस्क एकाएकी मरत नाही. आधी सांगते, आणि चांगली सांगते. श्रावणात एखादा फोटो उघडायला वेळ लागायला लागला. आधी मी खापर विजेवर फोडलं. मग दोन फोल्डरांची नावं जाऊन तिथं नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं आली. एका नवरदेवाच्या छातीवरून करडा पट्टा गेलेला दिसला; फोटो बंद करून पुन्हा उघडला तर पट्टा नव्हता. स्क्रीन जागच्या जागी गोठायची. आणि मग तो आवाज सुरू झाला. टक्. जरा थांबून टक् टक्. डिस्कच्या आत चकती फिरत असते आणि तिच्यावरून एक बारीक काटा फोटो वाचत जातो. वाचता आलं नाही की तो मागं येतो, पुन्हा पुढं जातो, पुन्हा मागं येतो. त्या येरझाऱ्यांचा तो आवाज. तो ऐकू आला की त्या क्षणी सगळं दुसरीकडं उतरवून घ्यायचं असतं. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मीच गावभर लोकांना शिकवत होतो.

मी केलं एवढंच, की दुकान वाढवताना कॉम्प्युटर बंद करायचं सोडून दिलं. चकती फिरतेय तोवर फिरेल, थांबली तर पुन्हा उठेल याची खात्री नव्हती.

अण्णांना का सांगितलं नाही? कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्यांच्याकडं बावीस वर्षांच्या निगेटिव्ह होत्या. पत्र्याच्या डब्यांत, गावाच्या आणि सालाच्या चिठ्ठ्या लावून, भिंतभर. मी त्यांच्या मागं लागलो होतो. “अण्णा, कसलं भंगार साठवलंय? आता एवढ्याशा डबीत अख्खा तालुका मावतो.” तीन महिने भुणभुण केल्यावर ते कंटाळून हो म्हणाले. डबे गेले त्या दिवशी ते दुकानात आले नव्हते. आता त्याच माणसाला मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो की डबी मरायला टेकली? मी ठरवलं, दिवाळीनंतर नवी डिस्क घ्यायला लावू, गुपचूप सगळं उतरवू, कुणाला कळायचं कारण नाही. ठरवायला काय जातंय.

झाडू मी कोपऱ्यात ठेवतोय तोच दारात दोघं येऊन उभी राहिली. पन्नाशीचा एक माणूस आणि सतरा-अठरा वर्षांची मुलगी. मुलगी पायरीवरच थांबली.

“सुतक हाय आमाला,” माणूस म्हणाला. “ही हितंच थांबंल.”

“फोटोला सुतक नस्तंय,” अण्णा म्हणाले. “ये पोरी आत. बस.”

मुलीचं नाव सुवर्णा कोळेकर. तो तिचा मामा. तिची थोरली बहीण वैजयंता घटस्थापनेच्या दिवशी तापानं गेली होती. चार दिवसांचा ताप, पाचव्या दिवशी माणूस नाही. वय एकोणीस. आज आठवा दिवस होता.

“आईनं सांगितलंय, तेराव्याला पोरीचा फोटू पायजेच,” मामा म्हणाला. “आन् घरात एक बी न्हाई. सातवीत शाळा सोडली, त्येच्यामुळं धावीच्या फारमावर बी न्हाई. उनाळ्यात आमच्या बाळूचं लगीन झालं, त्याचं फोटू तुमीच काडलं होतं.”

लग्न मला आठवलं. नवरदेव सैन्यात होता. हळद उतरायच्या आत रजा संपवून गेला होता, त्यामुळं अल्बमचे फोटो निवडायला कोणी आलंच नव्हतं. फोटो निवडून झाल्याशिवाय आम्ही सीडी करत नसू. सगळं लग्न त्या एका डिस्कवर होतं.

मी फोल्डर उघडलं. टक्. सुवर्णा माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली, मामा तिच्या बाजूला. एकेक फोटो येत होता, कळशीत बारीक धारेनं पाणी भरावं तसा, वरून खाली. मध्येच थांबायचा. टक् टक्.

“थांबा,” सुवर्णा म्हणाली. “ही. मागच्या रांगंत दुसरी.”

नवरी खुर्चीत बसलेली, पुढं पोरंटोरं, मागच्या रांगेत पाच बायका. त्यातली दुसरी वैजयंता.

“हसतीया बग कशी,” मामा म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं. सुवर्णा स्क्रीनकडं आणखी वाकली. मला तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. खरं तर तोही नाही, कारण मी टेबलाखालच्या आवाजाकडं कान लावून बसलो होतो. ती दोघं फोटो बघत होती आणि मी किती सेकंद लागतात ते मोजत होतो.

मी खिशातला पेनड्राइव्ह लावला. निदान एवढा एक फोटो आत्ता उतरवून घ्यावा, अशी बुद्धी मला झाली होती, हे मी स्वतःच्या बाजूनं सांगतो. हिरवी पट्टी सरकायला लागली. पाव झाली. निम्मी झाली आणि थांबली. टक्. टक् टक्. टक्.

“काय रं संपा, अडकलं व्हय?” अण्णा आतल्या खोलीतून बाहेर येत म्हणाले. ते माझ्याच दिशेनं येत होते, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढत.

मी पेनड्राइव्ह उपटला आणि खिशात टाकला. स्क्रीनवर दुसरंच काहीतरी उघडलं.

“काही नाही अण्णा. झालं.”

इतकंच. दोन मिनिटं मी तो तसाच राहू दिला असता, अण्णा शेजारी उभे राहिले असते, त्यांनी विचारलं असतं, मी सांगितलं असतं. शिव्या खाल्ल्या असत्या. शिव्यांनी कुणी मेलं नसतं.

“तेराव्याच्या आदी मिळंल न्हवं?” मामानं विचारलं.

“उद्या खंडेनवमी, परवा दसरा,” अण्णा म्हणाले. “एकादशीला हा काम करंल, बाराव्याला घिऊन जावा. निर्धास्त ऱ्हावा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तर अण्णांनी दुकान धुऊन काढलं होतं. खंडेनवमीला आमच्याकडं सगळी हत्यारं पूजेला बसतात. कॅमेरे, त्यांची तिकाटणं, फ्लॅशच्या छत्र्या, कात्र्या, माउंट कापायचं पातं. सगळं पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची, नारळ फोडायचा. एकदा पूजा मांडली की दसऱ्याचं सोनं लुटून येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. अण्णांच्या वडिलांच्या काळापासून हे चालत आलं होतं. वडील सुतार होते आणि त्या दिवशी घरात खिळासुद्धा ठोकला जात नसे.

अण्णांनी कॉम्प्युटरवर कुंकवाचं बोट टेकवलं आणि थांबले. डब्यावरचा दिवा जळत होता.

“बंद कर त्ये.”

“राहू दे की अण्णा. स्क्रीन तेवढी बंद करतो.”

“आज हत्यारं निजवायची अस्त्यात. जागं ठिऊन पूजा करत्यात व्हय?”

“तसं नाही, पण…”

“पण काय?”

अण्णांच्या हातात कुंकवाची वाटी होती. धुतलेला सदरा, कपाळाला गंध. ते रागावलेले नव्हते, माझ्या उत्तराची वाट बघत होते. एक वाक्य होतं. अण्णा, बंद केली तर ही पुन्हा चालू होणार नाही, आणि हिच्यात कोळेकरांची पोरगी आहे. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. शपथेवर सांगतो, तयार होतं. आणि मला त्या रिकाम्या भिंतीवर पत्र्याच्या डब्यांचे डाग दिसले.

“काही नाही,” म्हणालो आणि वाकून कॉम्प्युटर बंद केला.

चकती थांबताना एक बारीक आवाज येतो, उतरत जाणारा. तो संपेपर्यंत मी वाकलेलाच होतो. अण्णांना वाटलं मी नमस्कार करतोय.

“आसं,” ते म्हणाले आणि त्यांनी वर झेंडूचं फूल ठेवलं.

दसऱ्याला संध्याकाळी सगळ्यांना सोनं वाटलं, सगळ्यांच्या पाया पडलो. कुणाशी काय बोललो आठवत नाही.

एकादशीला सकाळी अण्णांच्या आधी येऊन बटण दाबलं. टक्. टक्. टक्. मग तेही थांबलं. स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत लिहून आलं की डिस्क सापडत नाही. मी अकरा वेळा बटण दाबलं. डबा उघडून डिस्क काढली, पुन्हा लावली. डब्याला अजून हळदीचा वास येत होता.

“काय झालं?” अण्णांनी विचारलं.

“गेली. अचानकच गेली अण्णा.”

ते खाली बसले. मला वाटलं आता निगेटिव्हचं काढतील. पण ते म्हणाले, “मशीन हाय बाबा. चांगली चालती बोलती माणसं जात्यात, तिथं मशीनचं काय घिऊन बसलास? तू जीवाला लावून घिऊ नगंस.” आणि त्यांनी मला चहा सांगितला. तो चहा मी प्यालो. आजवर प्यालेल्या सगळ्या चहांत तो मला आठवतो.

त्याच दिवशी एसटीनं सांगली गाठली. तिथं डिस्का दुरुस्त करणारा एक जण होता. त्यानं ती कानाला लावून हलवली.

“टकटक किती दिवस होती?”

“आत्ताच, दोन दिवस.”

“डॉक्टरशी आणि माझ्याशी खोटं बोलू नका. महिना झाला असेल. शेवटपर्यंत चालू होती ना?”

“होती.”

“मग बंद कशाला केली?”

“पूजेसाठी.”

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. डिस्क कागदात गुंडाळून त्यानं माझ्या हातात परत दिली.

परतीच्या एसटीत मला पेनड्राइव्हची आठवण झाली. दुकानात येऊन अण्णांच्या जुन्या लॅपटॉपला तो लावला. फाइल होती. उघडली. मांडवाची झालर आली, हॅलोजनचा दिवा आला, मागच्या रांगेतल्या पाच बायकांचे भांग आले, कपाळं आली, डोळे आले. आणि नाकाच्या मध्यावर सगळं संपलं. त्याच्या खाली काठापर्यंत नुसतं करडं. नवरी नाही, पोरं नाहीत, कुणालाच तोंड नाही. पाच बायका त्या करड्या पाण्यात नाकापर्यंत बुडून माझ्याकडं बघत होत्या. दुसरी वैजयंता. तिचे डोळे हसत होते.

जिथं मी पेनड्राइव्ह उपटला, तिथं ती कापली गेली होती.

बाराव्याला सुवर्णा आली. मामा पिंडाचं सामान घ्यायला बाजारात गेला होता. अण्णा एका साखरपुड्याला कॅमेरा घेऊन गेले होते. मी लॅपटॉप तिच्याकडं वळवला आणि सांगितलं की मशीन बिघडलं, एवढंच हाती लागलंय. मशीन बिघडलं, असंच म्हणालो.

तिनं स्क्रीनवर बोट टेकवलं.

“डोळं आल्यात की,” ती म्हणाली.

“हो.”

“आई म्हणत होती, फोटू आला की निदान रोज तोंड तरी बघंन. चार दिस झालं जेवली न्हाई. मामानं सांगितलंय तिला, लई झ्याक फोटू हाय, हसतीया म्हणून.” तिनं माझ्याकडं बघितलं. “दादा, तुमी कोट लावतासा, साड्या लावतासा. तोंड न्हाई लावता यायचं?”

“कुणाचं लावू?”

“माझं घ्या. लोकं म्हणत्यात, नाकाच्या खाली आमी एकच हाय.”

मी नाही म्हणालो. अण्णांचा नियम तिला सांगितला. जिवंत माणसाचं हाराखाली घालत नाहीत.

“मला काय व्हनार हाय?” ती म्हणाली. “आईला सांगायचं न्हाई फकस्त.”

नाही म्हणायचा मला हक्कच काय होता? मी तिला आत नेलं. पडद्यापुढं स्टुलावर बसवलं, दिवे लावले, हॅलोजन ज्या बाजूला होता त्या बाजूचा जोरात केला. कॅमेऱ्यातून बघितलं. अकरा-बारा दिवस न विंचरलेले केस, सुजलेले डोळे, आणि खाली एक बंद तोंड.

“जरा हसायला पाहिजे,” मी म्हणालो.

बहिणीच्या बाराव्याला मी त्या पोरीला हसायला सांगितलं.

“कशी हसत होती ती? फोटूत? तुमी बगितला न्हवं नीट?”

 मी बघितलंच नव्हतं.

तिनं दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटले, काहीतरी आठवलं असावं, आणि तोंड आपोआप उघडलं. मी बटण दाबलं. पुढच्याच क्षणी ती स्टुलावरच ओंजळीत तोंड घालून गदगदून रडली. मी दिवे बंद केले.

जोड दिसू नये एवढं माझं काम चांगलं होतं, यात बढाई नाही. अण्णांनी परत आल्यावर प्रिंट उजेडात धरली. “खालचा उजेड थोडा येगळा वाटतोय काय रं?” म्हणाले. “हॅलोजन होता अण्णा.” “हां. पर मिळाला, ह्येच लई झालं. देव पावला.”

तेराव्याला मी स्वतः फ्रेम घेऊन वाडीवर गेलो. मालनबाई कोळेकर म्हणजे चाळिशीची, वाळून काडी झालेली बाई. तिनं फ्रेम मांडीवर घेतली. पदरानं काच पुसली, जिथं काही नव्हतं तिथंही पुसली. बघत राहिली. मग मान वर करून दाराला टेकून उभ्या असलेल्या सुवर्णाकडं बघितलं. परत फोटोकडं.

“हसतीया,” ती म्हणाली. मग मला म्हणाली, “जेवून जावा पाव्हणं.”

मी थांबलो नाही. गाडी काढताना आतून मामाचा आवाज आला, “घे मालन, दोन घास घे आता.” आणि ती जेवायला बसल्याचं मी आवारातून बघितलं. त्यावर मी कितीतरी दिवस स्वतःची समजूत काढली.

पुढच्या उन्हाळ्यात मी जत सोडलं. अण्णांना खरं कधी सांगितलं नाही. ते गेले तेव्हा त्यांचा हाराचा फोटो मीच केला. आता विट्यात माझं स्वतःचं दुकान आहे. सगळं तीन-तीन ठिकाणी उतरवून ठेवतो, गिऱ्हाईक हसतं मला. घरात खरीखुरी पाल चुकचुकली तरी मी टेबलाखाली हात घालून बघतो. बायकोला वाटतं, हा जुना काहीतरी धाक आहे. आहेच.

तेरा वर्षांनी, एका सकाळी, एक बाई पत्ता विचारत दुकानात आली. पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली चौकट होती. मी तिला डोळ्यांवरून ओळखलं नाही. तोंडावरून ओळखलं.

“आई गेली दादा,” सुवर्णा म्हणाली. “पाच दिवस झाले. तिचा फोटो मोबाइलमध्ये आहे, त्याचा हाराचा करायचाय. आणि याच्यातली मी काढून द्या.”

“म्हणजे?”

तिनं टॉवेल सोडला. काचेमागून वैजयंता हसत होती. “खालची मी काढा. तिचं आलं होतं तेवढंच ठेवा.”

“खाली मग काय टाकू?”

“काही नको. होतं तसं राहू दे.” ती खुर्चीत बसली. “ती कशी दिसायची असं मुलं विचारतात ना, तर मला माझंच तोंड आठवतं. आधी थोडं थोडं तिचं यायचं. एक दात पुढं होता का तिचा? मला वाटतं होता. पण मग हा फोटो बघायची आणि तो दात जायचा. आता येतच नाही ती. मीच येते.”

मी फाइल उघडली. शोधावी लागली नाही. प्रत्येक नव्या कॉम्प्युटरवर मी सगळ्यात आधी तीच टाकत आलोय.

“अजून ठेवलीय तुम्ही?” तिनं विचारलं.

मग मी सांगितलं. आवाज, तीन आठवडे, पेनड्राइव्ह कुणी आणि का उपटला, पूजेच्या दिवशी तोंडात आलेलं वाक्य. मधे न थांबता सांगितलं, कारण थांबलो असतो तर पुढचं सांगितलं नसतं.

ती ऐकत होती. “मला वाटायचं, मशीनच तसलं होतं,” ती म्हणाली. मग म्हणाली, “बोलला असतात तर?”

“तर पूर्ण आली असती.”

तिनं मान हलवली. रागावली नाही, आणि असू दे असंही म्हणाली नाही. मी माफी मागितली नव्हती. ती कुठल्या तोंडानं मागणार?

प्रिंट बाहेर आली. कपाळ, भुवया, हसरे डोळे, अर्धं नाक, आणि खाली करडं. सुवर्णानं ती दोन्ही हातांनी धरली. त्या करड्या भागावर तिनं तळवा ठेवला आणि वरचं तेवढं बघत बसली.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, “आईला शेवटपर्यंत कळलं नाही, हे एक बरं झालं.”

“तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

“बोलली?”

“कधीच नाही. फोटोसाठी आणलेला हार तसाच कोनाड्यात वाळला. बायका म्हणायच्या, मालन, लेकीला हार घाल की. ही घालायची नाही. रोज सकाळी फ्रेमच्या वरच्या काठावर एक फूल ठेवायची, तेवढंच. खाली घसरलं तर लगबगीनं उचलायची. मला वाटायचं, तिला हार बघवत नसेल. यंदा अंथरुणाला खिळली, तेव्हा मी म्हटलं, आई, आता तरी मी घालू का वैजूला हार? तर हात धरला माझा. अंगात जीव नव्हता, पण सोडेना.”

“काय म्हणाली?”

सुवर्णानं प्रिंटवरचा तळवा उचलला.

“म्हणाली, ‘नगं गं बाई. खाली तू हायस न्हवं.’”